जुना वाडा एक दिवस लोकांसाठी उघडताना

वारसा सप्ताह आला की बॅनर लागतात, भाषणं होतात, आणि ज्या वाड्याबद्दल ती भाषणं असतात त्याच्या दिंडी दरवाजाला मात्र आतून कडी असते. फ्रान्सने १९८४ साली याच्या नेमकं उलट केलं. एरवी बंद असलेल्या ऐतिहासिक वास्तू सप्टेंबरात लोकांसाठी उघडून दिल्या. ती प्रथा पसरत गेली आणि १९९१ मध्ये कौन्सिल ऑफ युरोपने तिला ‘युरोपीय वारसा दिन’ असं रूप दिलं. जर्मनीत हा दिवस १९९३ पासून पाळतात, इंग्लंडमध्ये १९९४ पासून. सूत्र सगळीकडे तेच: तिकीट नाही, जागा एरवी बघायला न मिळणारी, आणि दाखवणारे बहुतेक स्वयंसेवक.

आपल्याकडे यासाठी दोन मुहूर्त तयार आहेत. एक १८ एप्रिल, म्हणजे जागतिक वारसा दिन, आणि दुसरा १९ ते २५ नोव्हेंबरचा वारसा सप्ताह. वाडा उघडायचा असेल तर नोव्हेंबरच धरा. एप्रिलमध्ये माडी भट्टीसारखी तापते आणि शाळांच्या परीक्षा चालू असतात. नोव्हेंबरात हवा बरी असते. शिवाय पावसाळ्यात कुठून गळलं त्याचे डाग भिंतीवर अजून ताजे असतात, त्यामुळे तपासणीला येणाऱ्या इंजिनिअरला ते वाचता येतात. मात्र तुळशीची लग्नं लागली की लग्नसराई सुरू होते. जवळपास मंगल कार्यालय असेल तर तारीख ठरवण्याआधी तिथलं बुकिंग विचारून घ्या, नाहीतर वरातीचा बँड आणि तुमचे पाहुणे एकाच बोळात अडकतील.

पुढचं सगळं गणित पुणे, वाई, सासवड अशा गावांत सापडणाऱ्या एका दुमजली, आत माणसं राहत असलेल्या खाजगी वाड्याचं आहे: एक चौक, वर एक दिवाणखाना, एकच जिना. अशा वाड्यात दिवसभरात २४० माणसं नीट बघून जाऊ शकतात. तयारीला दहा आठवडे लागतात.

आधी माणसं, मग वास्तू

पहिले दोन आठवडे फक्त संमतीचे. जुन्या वाड्याला सहसा एक मालक नसतो. चार चुलत घरं, एक पुण्यात, एक अमेरिकेत, खाली दोन जुने भाडेकरू, आणि बऱ्याचदा कोर्टात एक दावा. घरातल्या थोरल्या काकांनी “या हो खुशाल” म्हटलं म्हणजे संमती मिळाली असं नाही. प्रत्येक हिस्सेदाराची आणि प्रत्येक भाडेकरूची लेखी संमती घ्या. त्यात चार गोष्टी असाव्यात: कोणत्या खोल्या उघडणार, कोणत्या बंद राहणार, किती ते किती वाजेपर्यंत, आणि फोटो कुठे चालतील. दावा चालू असेल तर संमतीपत्राचा मसुदा त्यांच्या वकिलांना दाखवल्याशिवाय सह्या मागू नका.

इथे हमखास होणारी चूक अशी. माहिती सांगणारा उत्साही स्वयंसेवक चौकात उभा राहून म्हणतो, “हा भाग थोरल्या पातीचा, तो धाकट्या.” गर्दीत उभा असलेला कुणीतरी भाऊबंद लगेच “कुणी सांगितलं?” म्हणून पुढे येतो. वाटण्यांबद्दल एक शब्दही बोलायचा नाही, हे स्वयंसेवकांना पहिल्याच बैठकीत सांगा. माहितीपत्रकातही मूळ बांधणाऱ्याचं नाव आणि काळ पुरे.

वास्तू केंद्रीय संरक्षित असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची आणि राज्य संरक्षित असेल तर राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाची लेखी परवानगी लागते. खाजगी वाडा यादीत नसला तरी शेजारी एखादं केंद्रीय संरक्षित स्मारक आहे का ते बघा. त्याच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. तिथे मांडवासाठी खड्डे खणायचा विचारही नको. पोलीस चौकीला पंधरा दिवस आधी साधं पत्र द्यावं: तारीख, वेळ, अंदाजे माणसं, गाड्या कुठे लागणार. लाऊडस्पीकर लावूच नका. परवानगीची कटकट वाचते, आणि बारा जणांच्या गटाला त्याची गरजही नसते.

माडी किती माणसं पेलेल

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आठव्या आठवड्याआधी जुन्या लाकडी बांधकामाची सवय असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि एक मुरलेला सुतार, दोघांना एकत्र फिरवा. नुसत्या इंजिनिअरवर भागत नाही. सुतार तुळईवर बोटांनी टकटक करून जे सांगतो ते आकडेमोडीत येत नाही.

तुळई मधोमध चांगली दिसते आणि टोकाला गेलेली असते. जिथे ती भिंतीत शिरते तिथे ओल धरते आणि वाळवी तिथूनच सुरू होते. त्या टोकाशी पातळ स्क्रू-ड्रायव्हर दाबून बघा. चांगल्या सागवानात तो जेमतेम टोचतो. बोटभर आत गेला तर त्या तुळईवरची खोली बंद. लाकडाच्या मागच्या बाजूने ठोकल्यावर आवाज पोकळ आला, किंवा खाली भुशासारखी बारीक माती पडली, तरी तेच.

आता वजनाचं. भारतीय मानकांनुसार (आयएस ८७५, भाग २) राहत्या घराच्या जमिनीवर दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात आणि लोक उभ्याने जमतील अशा सभागृहाला ५०० किलो. वाडा घर म्हणून बांधलेला, आणि तुम्ही त्याचं एक दिवसाचं सभागृह करताय. शिवाय हे आकडे नव्या बांधकामाचे आहेत. दोनशे वर्षांच्या कडीपाटाला (लाकडी कड्यांवर फळ्या टाकून केलेल्या जमिनीला) किती द्यायचं ते इंजिनिअर ठरवेल, आणि तो आकडा कमीच असेल. कडीपाटावर मुळात मातीचा थर असतो. त्यावर नंतर कुणी शहाबादी फरशी बसवली असेल तर इंचभर जाडीच्या फरशीचेच दर चौरस मीटरला साठेक किलो झाले, खालचा माल वेगळा. फरशी बसवल्याचं घरातल्यांना आठवतं, पण कुणी आपण होऊन सांगत नाही. विचारावं लागतं.

दिवाणखाना ४ बाय ६ मीटर, म्हणजे २४ चौरस मीटर समजा. बारा पाहुणे आणि एक सांगणारा, प्रत्येकी ६५ किलो धरले तर ८४५ किलो. सारखे विखुरले तर चौरस मीटरला ३५ किलो, म्हणजे काहीच नाही. पण माणसं विखरून उभी राहत नाहीत. खिडकीतून चौक दिसतो म्हणताच आठ जण दीड चौरस मीटरात दाटतात: ५२० किलो, म्हणजे चौरस मीटरला जवळपास ३५०. धोका बारा माणसांचा नसून त्या खिडकीचा आहे.

म्हणून खिडकीपासून मीटरभर अलीकडे सुती दोर बांधा, आणि बघण्यासारखं काहीतरी, जुना फोटो, चौरंगावरचं पानदान, विरुद्ध भिंतीला ठेवा. लोकांना भिंतीलगत कडेकडेने उभं करा. भार भिंतीजवळ असला की तुळईच्या मध्यावर ताण कमी येतो. आणि वर टाळ, लेझीम, ढोल काहीही नको. ठेक्यात हलणारं वजन नुसत्या उभ्या वजनापेक्षा वाईट. ढोल खाली चौकात वाजला तरी कडीपाटातली माती झरते.

भिंतींच्या भेगांसाठी काचपट्टीचा जुना उपाय अजून कामाचा. साधारण १० सेंटिमीटर लांब, २ सेंटिमीटर रुंद पातळ काचेची पट्टी भेगेवर आडवी ठेवून दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा आणि बाजूला तारीख लिहा. आधी तिथला सुटलेला गिलावा खरवडून टाका, नाहीतर पट्टी भिंतीला न चिकटता पोपड्याला चिकटते आणि काहीच कळत नाही. चार आठवड्यांत काच तडकली तर भेग अजून सरकते आहे. ती खोली यंदा दाखवायची नाही, घरच्यांनी कितीही आग्रह केला तरी.

फेरी: पंचवीस मिनिटं, बारा माणसं

एकच जिना असलेल्या वाड्यात सगळं वेळापत्रक त्या जिन्याभोवती फिरतं. फेरीचे तीन टप्पे करा: देवडी आणि चौक ८ मिनिटं, माजघर ७ मिनिटं, दिवाणखाना १० मिनिटं. दर पंधरा मिनिटांनी नवा गट आत घ्या. पहिला गट पंधराव्या मिनिटाला जिना चढतो, तेव्हा दुसरा चौकात येतो. पहिला पंचविसाव्या मिनिटाला उतरतो आणि दुसरा तिसाव्याला चढतो. मधली पाच मिनिटं जिना रिकामा. गुडघेदुखीच्या आजींना उतरायला जो वेळ लागतो तो याच पाच मिनिटांतून येतो, म्हणून तिथे आणखी एक गट कोंबायचा मोह टाळा.

सकाळी १० ते १२:३० मध्ये अकरा गट निघतात, दुपारी ३ ते ५ मध्ये नऊ. एकूण वीस, म्हणजे २४० माणसं. दुपारची सुट्टी घरच्यांसाठी आहे. त्यांना जेवायचं असतं, वामकुक्षी घ्यायची असते, आणि ती मिळाली नाही तर पुढच्या वर्षी दार उघडत नाही. शेवटचा गट पाचला, कारण नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमाराला अंधारतं आणि अंधारात जिना उतरवायचा नाही.

माहिती सांगणारे किमान तीन हवेत. दोघांत कागदावर भागतं, पण मग प्रत्येकाला अर्ध्या तासात पंचवीस मिनिटं बोलावं लागतं आणि बाराच्या आत घसा बसतो. त्याशिवाय देवडीवर दोन, जिन्याच्या पायथ्याशी आणि माथ्यावर एकेक, माजघरात एक, रस्त्यावर गाड्यांसाठी एक आणि दोन राखीव. असे अकरा जण. जिन्यावरच्या दोघांनी एकमेकांना ‘मोकळा’ म्हटल्याशिवाय कुणालाही सोडायचं नाही. पायऱ्या उंच आणि अरुंद असतील तर उतरताना शिडीसारखं पाठमोरं उतरायला सांगा आणि एका बाजूला अंगठ्याएवढा जाड सुती दोर धरायला बांधा. नायलॉनचा हातातून घसरतो.

जुन्या चौकटी ठेंगण्या. ‘डोके सांभाळा’ ही पाटी कुणी वाचत नाही, कारण लोक उंबरठा बघत चालत असतात. चौकटीच्या वरच्या पट्टीला जुनी रजई गुंडाळा आणि तिच्या मध्यावरून झेंडूचा हार वीतभर खाली सोडा. हार तोंडासमोर आला की माणूस आपोआप वाकतो.

नोंदणी ऑनलाइन घ्या, पण प्रत्येक गटातल्या तीन जागा दारावर येणाऱ्यांसाठी ठेवा. फुकटच्या नोंदणीला न येणारे बरेच असतात, आणि पलीकडच्या आळीतल्या ज्या बाईंनी हा वाडा चाळीस वर्षं बाहेरून पाहिला त्या ऑनलाइन नोंदणी करणार नाहीत. खरं तर त्यांच्यासाठीच हा दिवस आहे.

जिना चढू न शकणाऱ्यांसाठी तळमजल्याची वेगळी फेरी आणि माडीचे फोटो माजघरात ठेवा. व्हीलचेअरसाठी उंबरठ्यावर फळीचा उतार लागतो. उंचीच्या बारापट लांबी धरायची: उंबरठा १५ सेंटिमीटर असेल तर फळी १८० सेंटिमीटर. आखूड फळीवर खुर्ची मागे कलंडते.

आवरताना काय करू नये

सगळ्यात जास्त नुकसान दिवस साजरा करण्याच्या उत्साहात होतं. खांबांना ऑइलपेंट, सागवानावर पाण्याचे फवारे, चुन्याच्या भिंतीला इमल्शन, मोडकळीला सिमेंटचं ठिगळ. चुन्याची भिंत ओल बाहेर सोडते. सिमेंटने किंवा प्लास्टिक रंगाने ते तोंड बंद केलं की ओल आतच राहते, आणि दोन पावसाळ्यांत गिलाव्याचे पोपडे निघतात. मऊ कुंचा, कोरडं फडकं आणि फार तर घट्ट पिळलेलं ओलं फडकं, एवढ्यावर भागवा. फ्लेक्स टांगायला खिळा ठोकायचा नाही. भिंतीला चिकटपट्टीही नको, काढताना सफेदी घेऊन निघते. पाट्या चौरंगावर किंवा लाकडी घोडीवर ठेवा.

मौल्यवान वस्तू आदल्या दिवशी कुलपात. सोनं-चांदी सगळे उचलतात. जातात त्या छोट्या वस्तू: पितळी कुलूप, दौत, फडताळातली नाणी. प्रत्येक खोलीचे आदल्या संध्याकाळी चार कोपऱ्यांतून फोटो काढून ठेवा.

जुन्या वायरिंगवर रोषणाईचा भार टाकू नका. लागेल ती वीज मीटरपासून वेगळी ओढा आणि त्यावर ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या. पणत्या फक्त उघड्या चौकात, तुळशी वृंदावनापाशी. माडीवर उदबत्तीही नको. शनिवारवाड्याची लाकडी माडी १८२८ च्या आगीत गेली आणि उरलं ते दगडी जोतं. प्रत्येक मजल्यावर ६ किलोचा एबीसी पावडरचा अग्निशामक ठेवा आणि तो वापरता येणारा एक माणूस नेमा. आड आणि हौद जाळीने नव्हे, फळ्यांनी झाका. जाळीवर मुलं उभी राहतात. छपराखाली मधमाश्यांचं पोळं असेल तर आठवडाभर आधी माहीतगाराला बोलवा. आयत्या वेळी धूर करणं म्हणजे संकट ओढवून घेणं.

चपलांचा प्रश्न किरकोळ वाटतो. देवघर दाखवायचं म्हणून देवडीत चपला काढायला लावल्या की बारा जोड्यांचा ढीग बाहेर पडायच्या वाटेवर जमतो, मागोमाग दुसऱ्या गटाचा. देवघर उंबरठ्याबाहेरून दाखवा, चपला पायातच राहू द्या. घरच्यांना ते रुचत नसेल तर नंबर टाकलेल्या कापडी पिशव्या, ज्याची त्याच्या हातात.

पाणी माणशी अर्धा लिटर, म्हणजे १२० लिटर, माठांत. वाड्यातलं स्वच्छतागृह घरच्यांचं आहे, पाहुण्यांसाठी जवळच्या शाळेशी बोलून ठेवा.

काय सांगायचं

पंचवीस मिनिटांत सनावळी सांगितली तर कुणाला काही आठवत नाही. हाताने दाखवता येईल ते सांगा. मोठा दरवाजा बंद करून भिंतीच्या खोबणीतून अडसर ओढून दाखवा. चार बोटं जाड लाकूड भिंतीतून बाहेर येतं तेव्हा मुलं अवाक होतात, आणि दिंडीतून वाकूनच का शिरावं लागतं ते न सांगता कळतं. माजघराच्या भिंतीतलं धान्याचं बळद उघडून बॅटरी टाका. गणेशपट्टी, खांबाची नक्षी, महिरप दाखवताना नाव सांगून थांबू नका, तो खांब दगडी तळखड्यावर का उभा केला तेही सांगा: लाकूड थेट जमिनीवर टेकलं की ओल वर चढते.

ज्याला कागद आहे ते आणि जे सांगोवांगी आहे ते वेगळं ठेवा. ‘सनद आहे’ आणि ‘घरात असं सांगतात’ असे दोन साधे शब्दप्रयोग ठरवून घ्या आणि सगळ्यांनी तेच वापरा. तळघरातून नदीवर किंवा किल्ल्यावर जाणारं भुयार महाराष्ट्रातल्या बहुतेक वाड्यांना असतं, निदान तोंडी. कुणीतरी विचारणारच. “सांगतात खरं, सापडलेलं नाही” एवढं पुरे. घरात मोडी कागद असतील तर मोडी वाचणाऱ्याकडून एखादं पान लावून घ्या आणि छायाप्रतीखाली देवनागरी वाचन ठेवा. मूळ कागद उन्हात आणि हातात द्यायचा नाही.

एखादं काम डोळ्यांसमोर चालू असेल तर त्यासारखं दुसरं काही नाही. गवंडी मिळाला तर चुन्याचा माल दाखवा: एक भाग मुरवलेला चुना, दोन ते तीन भाग चाळलेली वाळू, आणि जुन्या पद्धतीप्रमाणे गूळ-हिरड्याचं पाणी. चुना आधीच विझवून, मुरवून आणलेला हवा. कळीचा चुना लोकांसमोर विझवायला घेतला तर तो उकळतो आणि उडतो, डोळ्यात गेला तर डोळा जातो. गवंड्याला चष्मा, लोकांपासून दोन मीटरवर दोर, आणि त्याला दिवसाची मजुरी. स्वयंसेवक फुकट राबतात म्हणून कारागिराने राबावं असं नाही.

दिवस आणि दुसरा दिवस

सकाळी साडेआठला सगळे हजर, नऊला रिकाम्या वाड्यात एक पूर्ण फेरी घड्याळ लावून. ती हमखास पस्तीस मिनिटांची होते. चौकातलं बोलणं कापा, माडीवरचं नको. दहाला पहिला गट. उशिरा आलेल्याला पुढच्या गटात घ्या, पळत जाऊन गाठू देऊ नका. आमदार-नगरसेवक आले तर आनंद आहे, पण तेही बारा जणांच्या गटातच. मागे येणारे तीस कार्यकर्ते चौकात थांबतील. हे आदल्या दिवशी त्यांच्या माणसाला फोन करून सांगितलं तर कुणाचा मान दुखावत नाही. आयत्या वेळी जिन्यावर अडवलं तर दुखावतो.

देवडीवरची वही दोन कामांची. आत गेलेल्यांच्या आणि बाहेर आलेल्यांच्या रेघा वेगवेगळ्या मारा, म्हणजे कोणत्याही क्षणी आत किती ते कळतं. चोवीसच्या वर कधीही नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी, उजेड असताना, इंजिनिअर आणि सुतारासोबत पुन्हा फिरा. काचपट्ट्या बघा, दिवाणखान्याखालच्या खोलीत माती झरली आहे का बघा, जिन्याच्या पायऱ्यांचे सांधे हलवून बघा. आदल्या संध्याकाळचे फोटो हातात धरून खोलीन् खोली ताडून घ्या. तडकलेली पट्टी काढून टाकू नका. शेजारी नव्या तारखेची दुसरी लावा आणि घरच्यांना दोन्ही दाखवून ठेवा, कारण पुढच्या पावसाळ्यात त्या पट्टीकडे बघणारे तेच असणार.